सिद्धाप्पाच्या नावावरचा बार

सकाळी सातला मी खिडकी उघडतो. आत गेलेली माणसं एका रकान्यात, बाहेर आलेली दुसऱ्यात. संध्याकाळी दोन्ही आकडे सारखे निघाले की मी घरी जायला मोकळा. चुनखडीच्या खाणीतल्या टाइमकीपरचं काम म्हणाल तर एवढंच. ब्याण्णव साली खाण उघडली तेव्हा मी संतपूरहून आलो, तेव्हापासून आकडे दोनदा जुळले नाहीत. पहिल्या वेळी एक ट्रॅक्टरवाला तुरीच्या पेंढ्यांच्या ढिगाआड झोपून राहिला होता. दुसऱ्या वेळचं मी कुणाला सांगत नाही.

खाणीचं नाव इथं लिहीत नाही. चिंचोळी तालुक्यात आहे, एवढं पुरे. माणसं निम्मी हुलसूर-औरादकडची, निम्मी इथलीच. हिशेब मराठीत, हुकूम कानडीत आणि शिव्या दखनीत, अशी आमची वाटणी कुणी न ठरवता ठरलेली आहे.

सिद्धाप्पा हा आमचा सगळ्यात जुना ड्रिलवाला. हुलसूरकडचा. बापजाद्यांची मेंढरं होती, यानं काठी टाकून ड्रिल धरलं. बोलायला कमी, पण कान फार तिखट. दुपारी दोनला सुरुंगाचे बार उडायचे तेव्हा सगळे आडोशाला कानात बोटं घालून बसत आणि हा एकटा बोटं मोजत बसे. आठ बार भरले असतील तर आठ आवाज. सातच झाले तर याचं एक बोट उभं राही, आणि ते उभं बोट पाहून कुणी आडोशातून हलत नसे. कारण मग एक बार आत तसाच जिवंत बसलेला असे. दारू भरलेली, तोंड बुजवलेलं, वरून बघाल तर नुसता दगड.

अशा फसलेल्या बाराची आमच्याकडं एक रीत होती. तो ज्यानं मारला त्याच्या नावावर. "हा सिद्धाप्पाचा," असं एकदा म्हटलं की विषय संपला. सिद्धाप्पा खांद्यावरचा टॉवेल काढून त्या जागेवर दगडाखाली अडकवून येई. दुसऱ्या दिवशी तो आणि बार उडवणारा शिवशरण, दोघं जाऊन तो काढत किंवा परत उडवत, आणि टॉवेल पुन्हा खांद्यावर. तोवर त्या बाजूला कुणी बिडीसुद्धा फुंकायला जात नसे. ड्रिल, जीप, मॅनेजर, सगळं कंपनीचं. फसलेला बार तेवढा माणसाचा.

दोन हजार नऊच्या दिवाळीनंतर रविकुमार आला आणि टॉवेल गेला.

रविकुमार गुलबर्ग्याचा इंजिनिअर. खिशाला तीन पेनं, त्यातलं एक लिहिणारं. मुलगा वाईट नव्हता. फक्त आपल्या आधी जगात कुणी विचार केला नव्हता असा त्याचा एक प्रामाणिक समज होता. लोडरच्या चाकात एकदा टॉवेल अडकला, एवढ्यावरून मॅनेजरनं फडक्यांना बंदी केली, आणि रविकुमारनं नकाशा आणला. रोज सकाळी ड्रिलवाल्याच्या हातात एक छापील कागद. हिरवे ठिपके म्हणजे आज इथं भोक मारायचं. लाल गोल म्हणजे फसलेला बार, त्याच्या आसपास फिरकायचं नाही.

एकदा चहाच्या वेळेला माझ्या खिडकीशी उभं राहून त्यानं मला सगळं समजावलं होतं. मी विचारलं नव्हतं.

"उद्धवकाका, हे चित्र दिसतंय ना, हे चित्र नाहीच मुळी. हे लिहिलेलं आहे. एसव्हीजी म्हणतात. आत अक्षरंच असतात. इथं गोल काढ, एवढा मोठा, लाल रंगाचा. ब्राउझर ते वाचतो आणि तसं काढतो."

"म्हणजे पेंटरला चिठ्ठी लिहिल्यासारखं."

"एकदम तसंच! आता गंमत बघा. त्या चिठ्ठीत मी माझे स्वतःचे शब्द पण घालतो. बार कुणाचा, किती खोल, तारीख काय. गोलाच्या पोटात ते शब्द ठेवायचे. पेंटरला ते कळत नाहीत. न कळलेलं तो गुपचूप सोडून देतो, रागावत नाही. त्यामुळे चित्र बिघडत नाही आणि सगळी माहिती चित्राच्या आतच राहते. कागद एकीकडं, वही दुसरीकडं, ही भानगडच संपली!"

"आणि माहितीच चुकीची लिहिली तर?"

"त्यासाठी नियमांची वेगळी फाईल आहे. प्रत्येक बाराला नाव पाहिजे, खोली पाहिजे, तारीख पाहिजे. एक जरी नसलं तरी कॉम्प्युटर अडवतो. सगळं असलं तर खाली छापतो, फसलेले बार इतके, तपासणी बरोबर."

मी मान हलवली. न कळलेलं गुपचूप सोडून देणारा पेंटर मला फारसा आवडला नव्हता. पण माझी खिडकी माणसं मोजायला होती, पेंटर मोजायला नव्हती.

त्या कॉम्प्युटरवर बसायला रेणू आली. सिद्धाप्पाची मुलगी, गुलबर्ग्याला बी.कॉम. केलेली, वर सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स. बापाला अक्षर येत नव्हतं, त्यामुळे मुलगी कॉम्प्युटरवर बसली म्हणून त्यानं आख्ख्या वस्तीला पेढे वाटले, आणि मला दोन जास्त दिले. ती होतीच तेज. दोन महिन्यांत रविकुमारच्या चिठ्ठ्या स्वतःच्या हातानं लिहायला लागली. तिचा मोठा भाऊ श्रीशैल आमच्याकडंच ड्रिलवर. तोंडानं मोकळा, कामाला बापासारखा. बहिणीला खोलीबाहेरून हाक मारल्याशिवाय याला सकाळ उगवत नसे.

आता त्या दिवसाचं सांगतो. फेब्रुवारीचा महिना, मंगळवार.

आदल्या दिवशी मी औरादला लग्नाला गेलो होतो. सिद्धाप्पा मंगळवारी नव्हता. बायकोचं, नागूबाईचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, म्हणून पहाटेच्या गाडीनं तिला घेऊन गुलबर्ग्याला गेला होता. श्रीशैल दोन दिवस सासुरवाडीला, हुलसूरला होता. तिथून पहाटेच्या बसनं निघाला आणि सरळ कामावर हजर झाला.

"काय श्रीशैल, सासऱ्यानं दोन दिवसांत हाकलला का?"

"काका, सासरा 'ऱ्हावा' म्हनायलता. बायकोच म्हनली, जावा, हितं बसून भाकरी मोडायलाव!"

तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून रेणूचा आवाज आला, "अण्णा, वैनीला किती दिवस माहेरी ठिवतूस? अप्पा इचारायलता."

"तुजं लगीन लागू दे, मग सांगतो," असं म्हणून त्यानं कागद घेतला, घडी करून खिशात घातला, आणि काल सुट्टीवर असलेल्या जोडीदार शंकरप्पाला घेऊन खाली गेला. मी रकान्यात दोन रेघा ओढल्या. आठ वाजले होते.

माझ्याकडं त्या कागदाची एक प्रत येते, भिंतीवर टांगायला. मस्टर पुरं करून मी ती हातात घेतली तेव्हा अकराला दहा कमी होते. मला सवय वाईट. कागदावर आकडा दिसला की त्याचा माल कुठं आहे ते शोधायचं. खाली बारीक इंग्रजीत छापलेलं होतं, फसलेले बार एक, तपासणी बरोबर.

मी लाल गोल शोधला.

दहा हिरवे ठिपके होते, दोन रांगांत, नीट. लाल काहीच नव्हतं. कागद उजेडात धरला. उलटा करून पाठ बघितली, येड्यासारखी. चष्मा पुसला. शाई संपली असेल म्हणावं, तर वरच्या कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह होतं, लालभडक.

मी कागद घेऊन पलीकडच्या खोलीत गेलो. रेणू एकटीच होती.

"रेणू, काल एखादा बार बसला का?"

"व्हय काका. अप्पाचा. आठात सात उडाले. सांजच्याला अप्पा हितं येऊन सांगून गेला. 'माज्या नावावर ठिव, मी परवा येऊन काढतो, तवर कुनी तिकडं जायचं न्हाई.' मी ठिवलाय की."

"मग कुठाय?"

तिनं कागद घेतला. बघितला. आधी हसली, मग हसू तसंच राहिलं आणि बाकीचा चेहरा बदलला.

"काका, मी लिव्हलंय. मी सोता लिव्हलंय." तिनं फाईल उघडली. पडद्यावर ओळीच ओळी. तिचं बोट काचेवर खाली खाली सरकलं. "ह्ये बघा. अप्पाचं नाव. खोली. तारीख. आन् ह्यो आत गोल. लाल."

मला त्या भाषेतलं ओ की ठो कळत नाही, पण आकडा कळतो. "ह्या गोलाचा ठिकाणा कुठला?"

"एकशे बेचाळीस, सत्त्याऐंशी."

"आणि आजचे हिरवे?"

ती एकेक वाचायला लागली. पहिला, दुसरा, तिसरा. सहाव्यापर्यंत माझा श्वास चालू होता.

"सातवा," ती म्हणाली. "एकशे बेचाळीस... अठ्ठ्याऐंशी."

"एक आकडा म्हणजे किती?"

"एक वीत," ती म्हणाली.

तेवढ्यात रविकुमार चहाचा ग्लास घेऊन आत आला. रेणूनं पडद्याकडं बोट केलं. त्यानं ती ओळ वाचली. ग्लास टेबलावर ठेवायचा होता, तो टेबलाच्या बाहेर ठेवला.

"तू गोल नावाच्या आत टाकलास? नाव गोलाच्या आत टाकायचं होतं ना!"

"बार अप्पाच्या नावावर हाय की सर. म्हनून नावात ठिवला."

"अगं पण ब्राउझरला 'बारवाला' हा शब्द कळत नाही. न कळलेलं तो सोडून देतो. आणि त्याच्या पोटात जे असेल ते पण सगळं सोडून देतो!"

"मग तपासणी बरोबर कशी आली?" मी विचारलं.

तो माझ्याकडं न बघता बोलला. "नाव आहे, खोली आहे, तारीख आहे. आत काहीही चालेल असं मी नियमात ठेवलं होतं. सकाळी मी चित्र उघडलं, खाणीतली दगडाची पायरी मोकळी दिसली, म्हणून ठिपके टाकले." त्याच्या तिन्ही पेनांसकट तो खुर्चीत बसला.

मी घड्याळ बघितलं. अकराला पाच कमी. भोक मारायला आणि ड्रिल पुढं सरकवायला मिळून श्रीशैलला अर्धा तास लागतो. घाई करत नाही, वेळही काढत नाही, मस्टरमध्ये वर्षानुवर्षं तोच हिशेब. आठला सुरू. अकरापर्यंत सहा. अकराला सातवं. असा बिनचूक हिशेब मी आयुष्यात कधी केला नव्हता, आणि तो चुकावा म्हणून मी मनात देवाला नव्हे, श्रीशैलच्या आळसाला हात जोडत होतो.

रेणूनं मोबाइल लावला होता. कानाला लावून ती उभी होती आणि एक बाई मंजूळ आवाजात, कानडीत, समोरची व्यक्ती संपर्कक्षेत्राबाहेर असल्याचं सांगत होती. खड्ड्यात रेंज कधीच नसते.

"भोंगा वाजवा!" रविकुमार म्हणाला.

भोंग्याच्या खोलीची किल्ली शिवशरणच्या कमरेला, आणि शिवशरण दारूच्या कोठाराकडं, चार मैलांवर. जीप घेऊन. मी रविकुमारला हे सांगितलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, भोंगा वाजला तरी काय? चालत्या ड्रिलजवळ कानात बोळे घातलेल्या माणसाला भोंगा ऐकू येत नाही.

"काका, तुमची टीव्हीएस कुठाय?" रेणू म्हणाली.

"दारात. पण खाली पायरीवर जायला अर्धा तास—"

"खाली न्हाई. कंप्रेसर वर हाय. हवा तोडली की ड्रिल बसतंय."

हे मला सुचायला हवं होतं. खाणीत जन्म काढला मी. ड्रिलला हवा लागते; हवेचा कंप्रेसर वरच्या काठावर उभा असतो, तिथून रबरी नळी खाली उतरते. काठ एक मैलावर. रेणूनं ओढणी कमरेला गच्च बांधली, माझ्या खिशातून किल्ली जवळजवळ ओढूनच घेतली आणि गाडी सुरू केली. मी मागं बसलो. पंचावन्न वर्षांचा टाइमकीपर, बावीस वर्षांच्या पोरीच्या मागं, हातात नकाशा धरून. एरवी वस्ती महिनाभर पुरवून हसली असती अशी वरात. रस्त्यावर कुणी हसलं नाही. आमची तोंडं तशी असणार.

रस्ता म्हणजे चुनखडीचा पांढरा फुफाटा. गाडी घसरत होती. लांबून ड्रिलचा आवाज येत होता, तो ऐकू येतोय तोवर श्रीशैल आहे, असं मी मनात धरलं. मध्येच आवाज थांबला. रेणूनं ब्रेक दाबला नाही, पण तिच्या पाठीचा कणा माझ्यासमोर ताठ झाला. मी मोजायला लागलो. एक, दोन, तीन. ड्रिल पुढं सरकवत असेल. नळी ओढत असेल. अकरा, बारा. शंकरप्पाला तंबाखू मागत असेल. वीस. माग रे, निवांत माग, मळ, थुंक. एकतीस. बत्तीस.

आवाज पुन्हा सुरू झाला.

"सातवा," रेणू म्हणाली. तिनं गाडीची मूठ आणखी पिळली.

मी गणित करणं थांबवायला बघत होतो आणि ते थांबत नव्हतं. रेणूच्या फाईलमध्ये त्या बाराची खोली लिहिलेली. वरचा चार हात भाग दगडाच्या चुरीनं बुजवलेला, त्याच्याखाली दारू. श्रीशैलचं ड्रिल एका वितीच्या अंतरानं सरळ खाली. सरळ गेलं तर कदाचित काही नाही. पण दगडातून सरळ कोण जातं? तिकडं भेग असेल तर दांडी भेगेकडं कलते, आणि काल सात बार उडून त्या दगडात भेगांशिवाय उरलंय काय? मिनिटाला एक हात. चार मिनिटं म्हणजे चार हात. आम्ही किती मिनिटांपूर्वी आवाज ऐकला? दोन? चार? माझं घड्याळ माझ्या मनगटावर होतं आणि ते बघायला मी हात सोडू शकत नव्हतो.

कंप्रेसर दिसला. एकटाच धडधडत होता. रेणूनं गाडी थांबवली नाही, टाकली. मी गाडीबरोबर पडलो. गुडघा फुटला ते संध्याकाळी कळलं. ती पळत गेली, झाकण वर केलं, हात आत घातला आणि बंद करायचा दांडा ओढला. निघेना. दोन्ही हातांनी लोंबकळली. कंप्रेसर खोकला, एकदा, दोनदा, आणि बसला. मग नळीतली उरलेली हवा संपेपर्यंत खालून ड्रिलचा आवाज येतच राहिला. रडक्या, कमी कमी होत जाणाऱ्या आवाजात ते यंत्र अजून खाली जात होतं. त्या दहा-बारा सेकंदांइतकं भय मी त्याआधी ओळखत नव्हतो. आम्ही बंद करून चुकलो होतो आणि ते चालू होतं.

मग शांत झालं.

इतकं शांत, की खाली कुणी तंबाखू थुंकली ती ऐकू आली.

"कोन हाय रं वर?" श्रीशैलचा आवाज. "हवा कामून तोडली?"

रेणू काठावर पालथी पडली आणि डोकं पुढं काढलं. "अण्णा! हलू नको! ड्रिलला हात लावू नको!"

"आगं ये येडे! तू हितं काय करायलीस? हापिसात पंखा बंद पडला व्हय?"

"अण्णा, अप्पाचा बार हाय तितं! कालचा! बसलेला!"

तीस फूट खाली श्रीशैल ड्रिलच्या मुठीवर हात ठेवून उभा होता. त्यानं वर बघितलं, मग खिशातला कागद काढून बघितला, मग परत वर.

"कागदावर तर न्हाई."

"कागदावर न्हाई," मी ओरडलो, "पण आहे! तुझ्या भोकापासून एक वीत! किती खाली गेलास?"

त्यानं दांडीकडं बघितलं. बाहेर किती उरली ते डोळ्यानं मोजलं. बापाचा मुलगा. त्याच्या तोंडावरचा रंग उडालेला मला वरून दिसला, पांढऱ्या धुळीतही.

"तीन हात," तो म्हणाला. "साडेतीन म्हना."

शंकरप्पा आधीच मागं सरकत होता. श्रीशैलनं मुठीवरचा हात काढला. एकेक बोट सुटं करत काढला, जसं झोपलेल्या लेकराखालून हात काढावा. मग एक पाऊल मागं. आपल्याच पावलाच्या ठशावर पाऊल.  रेणूनं काठावर ओढणीचं टोक ओठात धरलं होतं. त्याला त्या पायरीवरून उतारापर्यंत यायला सत्तावीस पावलं लागली. मी मोजली. अठ्ठाविसाव्याला तो पळाला.

वर आला तेव्हा बहिणीसमोर उभा राहून काहीतरी चेष्टेचं बोलायचा त्यानं प्रयत्न केला. तोंड उघडलं, आणि तिथंच दगडावर बसून ओकला.

खड्डा रिकामा केला. सगळ्या माणसांना मी माझ्या खिडकीसमोर उभं करून नावानं मोजलं, आकडा जुळला, तरी परत मोजलं. ड्रिल तिथंच उभं, दांडी दगडात. ती उपसायलाच कुणी तयार होईना. मॅनेजर म्हणाला, शिवशरणला बोलवा, तो करील. शिवशरण आला, काठावरून बघितलं आणि म्हणाला, "सिद्धाप्पाच्या नावावर हाय. त्यो आल्याबिगर मी हात लावत न्हाई." मॅनेजर कानडीत बरंच बोलला. शिवशरणनं कान खाजवला.

चार वाजता जीप सिद्धाप्पाला घेऊन आली. नागूबाई बरोबरच होती, डोळ्याला पट्टी बांधलेली; तिला दवाखान्यात एकटीला सोडायला तो तयार नव्हता. ती जीपमध्येच बसून राहिली. "पोरगं कुठाय?" एवढंच विचारत होती, आणि श्रीशैलनं हात हातात दिल्यावर त्याची बोटं चाचपत बसली. रेणू बापाच्या समोर आली नाही.

सिद्धाप्पा आणि शिवशरण खाली गेले. मी मस्टरमध्ये दोन रेघा ओढल्या. तासाभरानं शिवशरण वर आला. मग सिद्धाप्पा. भोंगा वाजला. साडेपाचला एक बार उडाला, एकच, आणि ड्रिलची दांडी ऊन असलेल्या आभाळात उभीच्या उभी वर गेलेली सगळ्यांनी बघितली. श्रीशैल ज्या जागी उभा होता त्या जागी खळगा पडला. नागूबाईनं आवाजासरशी पोराचा हात असा दाबला की तो "आई गं" म्हणाला.

मी दोन्ही रेघांसमोर दोन रेघा ओढल्या.

अंधार पडायच्या आत सिद्धाप्पा कॉम्प्युटरच्या खोलीत आला. रेणू पडद्यासमोर बसली होती. तिनं दुपारपासून काही लिहिलं नव्हतं. रविकुमार कोपऱ्यात उभा. मला वाटलं आता बाप पोरीवर हात उचलेल.

"दाव," तो म्हणाला. "काय लिव्हलीस."

तिनं दाखवलं. बोट लावून, शब्दाशब्दाला. "अप्पा, ह्ये तुजं नाव. हितनं सुरू हुतंय. ह्या नावाच्या आत ह्यो बार. आन् हितं तुजं नाव संपतंय."

अक्षर न येणारा माणूस त्या ओळीकडं खूप वेळ बघत राहिला.

"बरोबरच लिव्हलीस की."

रविकुमार पुढं झाला. चांगल्या मनानंच. "तसं नाही सिद्धाप्पा. माणसाला वाचायला ते बरोबर आहे. पण चित्र काढणारा आहे ना, त्याला गोल कळतो, रेघ कळते. तुमच्या नावाचा शब्द त्याला ओळखीचा नाही. ओळखीचा नसला की तो त्या शब्दाला सोडतो, आणि आतलं सगळं सोडून पुढं जातो."

"बोंबलत न्हाई? कळंना म्हनून?"

"नाही. तो नियमच आहे. गप्प पुढं जायचं."

सिद्धाप्पानं मान हलवली. "म्हंजे तुज्या यंत्राला माजं नाव वळखू यीना, म्हनून माजं पोरगं मरायलतं. आन् त्ये गप्प."

 रविकुमारला बाजूला घेऊन मी म्हणालो की नियम बदल, आत काहीही चालेल असं नको. आणि वहीतले बार व कागदावरचे लाल गोल सारखे निघाल्याशिवाय कागद बाहेर सोडू नको. तो हो म्हणाला. कागदाला पेनसुद्धा लावलं नाही, पाठ केलं.

रेणूनं कीबोर्ड ओढला. बापाचं नाव त्या ओळीवरून उचललं, गोलाच्या पोटात नेऊन ठेवलं, आणि चित्र परत उघडलं. हिरव्या सातव्या ठिपक्याला जवळजवळ चिकटून एक लाल गोल उमटला.

"आता कशाला गं?" सिद्धाप्पा म्हणाला. "त्यो गेला की. काडून टाक."

"काडते, अप्पा."

पण तिनं हात लावला नाही. ती तो गोल बघत बसली. बाहेर दुसऱ्या पाळीची माणसं खिडकीशी येऊन माझ्या नावानं ओरडायला लागली होती, आणि मला जायला हवं होतं.

"थांबा जरा," रेणू म्हणाली, कुणाला ते कळलं नाही. "मला बघू द्या."